टाकी फुल, सायलेन्सर साफ

आमचे तुकाभावजी माणसाला ‘कसा आहेस’ असं विचारत नाहीत. त्यांची जीप महाडात आमच्या गल्लीच्या तोंडाशी थांबते, हॉर्न वाजतो आणि खालूनच, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात प्रश्न येतो, “सदा रे, सायलेन्सर साफ हाय का?”

म्हणजे, पोट साफ झालं का.

पहिल्या सकाळी समोरच्या किराणावाल्यानं मान वर करून माझ्या खिडकीकडे पाहिलं. उत्तर काय येतं याची त्यालाही उत्सुकता होती. माझं मन म्हणालं, कॅन्सरचं पुढं बघू, आधी या शरमेतून वाचलो तर.

तुकाभावजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, पोलादपूरचे. पोलादपूर ते कुडपण जीपमधून माणसं, कोंबड्या, खताच्या गोणी आणि लग्नाची वऱ्हाडं वाहण्यात त्यांची हयात गेली. त्यामुळे जगातली प्रत्येक गोष्ट त्यांना गाडीवरून समजते. सर्दी झालेल्या माणसाचा रेडिएटर गळतो. भांडणाऱ्या नवरा-बायकोचा क्लच घासतो. आणि माझ्याबद्दल त्यांचं लग्नापासूनचं मत असं, की “ह्याला कंपनीनंच हॉर्न बसवलेला नाय.”

मत खोटं नाही. मी शाळेत हेडक्लार्क, आणि न बोलणं ही माझी मोठी शिल्लक. प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला तेव्हा बायकोला सांगितलं आणि तिथंच थांबलो. शाळेत पाठीचं दुखणं सांगून रजा घेतली. भावजींना कळवायचा तर प्रश्नच नव्हता. ताई गेल्यापासून मी त्यांच्या घराची पायरी चढलो नव्हतो. रडावं लागेल या भीतीनं गेलो नाही, मग इतके दिवस गेलो नाही म्हणून गेलो नाही. आता गरज पडल्यावर कुठल्या तोंडानं फोन करणार? बायकोनं परस्पर केला. दुसऱ्या दिवशी जीप हजर.

“अवघड जागेचं दुखणं आहे, भावजी,” मी कुजबुजलो.

“आंबेनळी घाट काय सोपी जागा हाय? तिथून बी गाड्या उतरतातच ना?” म्हणाले आणि दार उघडून धरलं.

रेडिएशनला आमच्याकडे शेक म्हणतात. शेक द्यायचं इस्पितळ हायवेवर दीडेक तास लांब. आठवड्याचे पाच दिवस जायचं, असे कित्येक आठवडे. डॉक्टरांनी समजावलं, की शेकाच्या वेळी लघवीची पिशवी भरलेली हवी, म्हणजे आतडी वर सरकतात आणि किरणांपासून वाचतात. आणि मागची बाजू मोकळी हवी, मळ नको, गॅस नको, म्हणजे आजारी भाग जागचा हलत नाही. मी मान खाली घालून ऐकत होतो. भावजी मात्र खुर्चीच्या टोकावर आले होते. आयुष्यात प्रथमच त्यांना कोणी डॉक्टर त्यांच्या भाषेत बोलताना भेटला होता. “म्हंजे टाकी फुल, सायलेन्सर साफ,” त्यांनी सारांश काढला. डॉक्टर हसले आणि म्हणाले, अगदी बरोबर.

झालं. त्या क्षणापासून मी पेशंट उरलो नाही, पाशिंजर झालो.

पहिल्याच दिवशी त्यांनी हिशेब करून मला लोणेऱ्यालाच पाणी पाजायला सुरुवात केली. माणगावात गाड्यांची रांग लागली. पुढं हायवेच्या कडेला, एका अर्धवट पुलाआड, पन्नाशी उलटलेल्या हेडक्लार्कनं काय केलं ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. आज सांगून टाकलं. इस्पितळात मशीनवरच्या मुलीनं समजावलं, “काका, पाणी इथं आल्यावर प्यायचं. आधी लघवीला जाऊन यायचं, मग आम्ही सांगू तेवढंच पाणी आणि मग थांबायचं.” भावजींनी चूक मान्य केली. “पंप ह्यांच्या आवारातच हाय रे, आपन उगाच रस्त्यात भरली.”

खाण्याचंही त्यांनीच ताब्यात घेतलं. मऊ भात, मुगाचं पातळ वरण, दुधी, उकडलेला बटाटा, अंडं. कोबी बंद, कच्चा कांदा बंद, सोडा बंद. आणि वाल बंद. आमच्या भागात माणसाला वाल बंद सांगणं म्हणजे नाव बदल सांगण्यासारखं. त्यात आजाऱ्याला भेटायला रिकाम्या हातानं यायचं नाही ही आमची रीत, आणि दिवस नव्या वालांचे. भावजींच्या तोंडून ऐकून कुडपणची माणसं मोड आलेले कडवे वाल घेऊन यायची आणि भावजी दारातच पिशव्या तपासायचे. “पेट्रोलच्या गाडीत रॉकेल वततो काय रे?” असं विचारून पिशवी माघारी. जेवताना बोललं की पोटात हवा जाते, म्हणून मला जेवताना बोलायची बंदी. मी तसाही बोलत नव्हतो. माझ्या वाटचं ते बोलायचे.

एक गोष्ट मात्र मला खटकायची. शेक घेऊन बाहेर पडलो की मी थेट संडासाकडे धावायचो. दार बंद. रोज बंद. आणि इतका वेळ टाकी टाकी करणारे भावजी नेमके तेव्हा बाकावर नसायचे. वाटायचं, बाहेर चहा मारत असतील. आजार माझा, त्यांना काय.

मग तो सोमवार आला. आदल्या दिवशी रविवार, शेकाला सुट्टी. बायकोनं मुलांसाठी वालाचं बिरडं केलं होतं. दुपारी सगळे निजल्यावर मी स्वयंपाकघरात गेलो आणि ओट्याशी उभ्या उभ्या, झाकण हातात धरून, वाटीभर खाल्लं. दुसरी वाटीही घेतली. चव अजून जिभेवर आहे.

सोमवारी शेकाआधीच्या फोटोत सगळं दिसलं. गॅस. मशीनवरची मुलगी म्हणाली, असं देता येणार नाही, उतरा, फिरा, मोकळे होऊन या, मग परत पाणी. आज जमलं नाही तर उद्या बघू. आणि विचारलं, “काका, काय खाल्लं होतं?”

मला हॉर्न नाहीच.

भावजी पुढं झाले आणि चक्क स्वतःचे कान धरले. “बाय, चूक डायवरची हाय, पाशिंजरची नाय. नव्या दुकानाचा तांदूळ मीच आनून दिला. उद्यापासनं बदलतो.” मुलीला हसू आवरेना.

मग आम्ही दोघं इस्पितळाच्या व्हरांड्यात येरझाऱ्या घालू लागलो. तांदळाचं कूळ शोधत भावजी बोलत होते आणि प्रत्येक शब्दागणिक माझं पोट आणखी गच्च होत होतं. अखेर मोकळा झालो, पाणी प्यालो, थांबलो, फोटो नीट आला. शेक मिळाला. बाहेर धावलो. दार बंद.

या वेळी मी दार वाजवलं. आतून आवाज आला, “आलो रे, आलो.”

भावजी बाहेर आले. सत्तरीकडे झुकलेला माणूस, चेहरा घामेजलेला. तेव्हा ध्यानात आलं. मी पाणी प्यायचो तेव्हा तेही प्यायचे, माझा शेक संपेपर्यंत बाकावर तसेच बसून राहायचे आणि मग माझ्याआधी संडास गाठायचे.

“तू आत कळ दाबून पडलेला, आनि मी भायेर मोकळा बसू काय? व्हय पुढं, आधी जाऊन ये.”

जीपमध्ये बसल्यावर मी सांगून टाकलं. “भावजी, तांदूळ नव्हता. मी बिरडं खाल्लं होतं.”

“ठाव हाय,” गिअर टाकत ते म्हणाले. “सकाळी काच उगाच खाली केली नव्हती मी.”

पुढं सगळे शेक नीट झाले, एकही चुकला नाही. डॉक्टर म्हणाले, आता तीन महिन्यांनी या. सुटलो.

तरी पुढच्या सोमवारी सकाळी खाली जीप उभी. हॉर्न नाही, प्रश्न नाही. मी खाली गेलो तर भावजी स्टिअरिंगवर हात ठेवून बसलेले. म्हणाले, संपलं ते इसरलोच बघ. मी शर्ट बदलून आलो आणि शेजारी बसलो. कुठं, त्यांनी विचारलं. म्हटलं, तुमच्या घरी.

पोलादपूर येईपर्यंत त्यांचं तोंड चालू होतं. वाटेतले खड्डे, पंक्चरवाले, गिअर न टाकता येणारी हल्लीची पोरं. मग त्यांनी कुलूप काढलं आणि आम्ही आत गेलो. ताईचा फोटो, खाली एक खुर्ची. भावजींनी चहा टाकला, गाळला, कप माझ्यापुढं ठेवला. सगळं बिनआवाज. पुन्हा ओट्याशी जाऊन पाठमोरे उभे राहिले. बोलणं उंबऱ्याशीच थांबलं होतं. या घरात ते बोलत नसावेत, कारण ऐकायला कोणी नव्हतं.

मी कप खाली ठेवला.

“भावजी, इकडे बसा,” म्हटलं, आणि ताईच्या लग्नात मी मांडवातून पळून गेलो होतो ती हकिकत सांगायला लागलो. सांगत राहिलो. दुपार झाली तरी थांबलो नाही.