कोपरा कापलेली लग्नपत्रिका

कमलच्या लग्नपत्रिकांचे कोपरे कापता कापता पुष्पाचा अंगठा सुजला. धुळ्याच्या छापखान्यातून पत्रिका चौकोनी आल्या होत्या, आणि चौकोनी पत्रिका काय कोणीही काढतं. पुष्पाच्या वहीत चिकटवलेल्या चित्रात मात्र उजवीकडचा वरचा कोपरा तिरपा छाटलेला होता आणि खाली 'साधेपणातच शोभा' असं छापलेलं होतं. म्हणून गणपती नाही, कुंकवाचं बोट नाही, तांबडी शाई नाही. पांढरं जाड कार्ड, पाठीवर पत्ता, काळी अक्षरं आणि तो एक तिरपा छाट.

ही वही पुष्पाबरोबर पुण्याच्या कॉलेजात दोन वर्षं राहिली होती. नव्या तऱ्हेची लग्नं कशी करावीत याची चित्रं आणि कात्रणं तिनं मासिकांतून कापून तीत चिकटवली होती. पण तिचं स्वतःचं लग्न ठरलं तेव्हा तिच्या वकील वडिलांनी आणि पारोळ्याजवळच्या या गावच्या तिच्या सासऱ्यांनी, अभिमन आबा पाटलांनी, ते परस्पर उरकलं. दोन बँड, चार पंगती, आणि वहीतलं एक पान उघडलं असेल तर शपथ. आता नणंदेचं लग्न होतं. कमलला सोनगीरचा सुकदेव मनापासून आवडला होता आणि "वहिनी, माझं तरी वहीतल्यासारखं करा" असं ती म्हणाली होती. पुष्पानं शब्द दिला होता.

सासूबाईंना, म्हणजे सुंदरबाईंना, वहीत पाहून लग्न करणं हे वहीत पाहून भाकरी थापण्यासारखं वाटे. आबांनी मात्र सून शिकलेली आहे, करू द्या, असं सांगून टाकलं होतं. त्यांची एकच अट होती: पत्रिकेत त्यांचं नाव ठसठशीत पाहिजे. म्हणून वधूवरांची नावं बारीक टाइपात आणि 'अभिमन दौलत पाटील' पार सोनगीरच्या किल्ल्यावरून वाचता येईल एवढं.

पुष्पा तशी डोळ्यांत तेल घालून वागणारी. पाळण्याची दोरी रोज ओढून बघणारी, पाणी दोनदा गाळणारी. पण त्या दिवशी आठ महिन्यांच्या बेबीनं कापलेल्या कोपऱ्यांच्या ढिगात हात घातला आणि तोंड हलवायला सुरुवात केली. पुष्पानं बोट घालून पाहिलं, उलटी धरून पाहिली, वैद्यबुवांना बोलावणं धाडलं. वैद्यबुवांनी एरंडेल दिलं आणि कागद हाही शेवटी झाडपालाच असतो, असा धीर दिला. दोन दिवस घरादाराचं सगळं लक्ष बेबीच्या पोटातल्या त्या एका कोपऱ्याकडे. बाकीच्या कोपऱ्यांकडे कोण बघतो? तोवर तिचे यजमान रुपचंद पाटील सगळ्या पत्रिका बांधल्या गठ्ठ्यानंच पारोळ्याला पोस्टात टाकून आले होते. सुंदरबाई तेव्हा माहेरी मांडे भाजायचं खापर आणायला गेल्या होत्या. त्या असत्या, तर ही गोष्ट इथंच संपली असती.

लग्नाला चार दिवस होते. अंगणात मांडवाच्या मेढी रोवणं चाललं होतं आणि आबा ओट्यावर नवा फेटा बांधून आरशात सगळ्या बाजूंनी बघत होते. एवढ्यात वेशीकडून गळा काढलेला ऐकू आला. आबांची थोरली बहीण, अमळनेरकडे दिलेल्या आत्याबाई, बैलगाडीतून उतरून छाती पिटत गल्लीनं येत होत्या.

रडत आलेल्या माणसाला आधी काही विचारायचं नाही, ही तिथली रीत. आधी गळ्यात पडायचं, रडून घ्यायचं, आणि मग कोण ते विचारायचं. आबा फेट्यानिशी खाली उतरले. आत्याबाईंनी पदर तोंडावर ओढलेलाच होता. त्यांनी समोर आलेल्या खांद्यावर डोकं टाकलं आणि सूर लावला. आबांनीही लावला. शेजारच्या दोन बाया धावत आल्या, त्याही बसल्या. पाव घटका असं झकास रडणं झाल्यावर आबांनी नाक पुसलं.

"अक्का, दाजी कव्हय गयात?"

"दाजी?" आत्याबाई पदराआडून म्हणाल्या. "दाजी तं वेशीपाशी गाडी सोडी ऱ्हायनात."

"मंग कोन गया?"

"तू," असं म्हणून आत्याबाईंनी पदर बाजूला केला आणि खांदा कोणाचा आहे ते पाहिलं.

त्यांना कांदा हुंगवून शुद्धीवर आणावं लागलं. मग हळूहळू कळलं ते असं. त्यांच्या गावी पोस्टमननं कार्ड लांबूनच दाखवलं. कोपरा नाही म्हटल्यावर कोणी ते घरात घेईना. मयताचं पत्र कोपरा फाडूनच धाडतात, ते दाराबाहेर बघायचं आणि तिथंच फाडून टाकायचं, हे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक. शाळेतल्या मास्तरांनी एक नजर टाकली. नाव एकच दिसलं, आणि तेही केवढं! मास्तरांनी "अभिमन पाटील" म्हटलं आणि कार्डाचे चार तुकडे केले.

पुष्पाच्या माहेरी धुळ्याला मरणाची बातमी तारेनं येत असे. दारामागं उभी राहून ती हे ऐकत होती. किती गावांना पत्रिका गेल्या होत्या ते तिला नेमकं त्याच वेळी आठवलं.

सुंदरबाई माहेराहून कालच परतल्या होत्या. त्यांनी सुनेकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच अगदी शांतपणे म्हणाल्या,

"शिकेल बाई घरमा उनी आनि सासरा मारी टाका."

संध्याकाळपर्यंत सात गाड्या आल्या. जो तो दुखवट्याच्या घरी न्यायचं म्हणून पिठलं-भाकरी बांधून आणत होता. वेशीपासून रडत यायचं, मांडव बघून गोंधळायचं, आबांना बघून किंचाळायचं, आणि मग एवढं रडणं फुकट गेलं म्हणून रागावून ओट्यावर बसायचं. आबांना सुरुवातीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण तिसऱ्या गाडीपासून ते मेढीआड उभे राहून कोण किती आणि काय म्हणून रडतं, ते कान देऊन ऐकू लागले. चोपड्याचे मेहुणे नुसतेच खाकरले, हे त्यांच्या मनाला लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटे भाऊ मगन पाटील आले. नऊ वर्षांपूर्वी पोळ्याला तोरणाखालून कोणाचा बैल आधी काढायचा यावरून दोघा भावांत बिनसलं, तेव्हापासून त्यांनी या घराचं पाणी तोंडाला लावलं नव्हतं. आज ते आले ते गुळगुळीत डोक्यानं आणि गुळगुळीत ओठानं. कार्ड मिळाल्यावर ते तडक तापीवर गेले होते, डोकं उतरवलं होतं, मिशा उतरवल्या होत्या, भावाला तिळाचं पाणी सोडलं होतं. अख्ख्या तालुक्यात त्या मिशांना नाव होतं.

आबांनी भावाचं डोकं हातानं चाचपून पाहिलं. आबांचे डोळे खरोखरच भरून आले.

"मी तुनाकरता मिश्या काढ्यात," मगन म्हणाले. "मन्या मिश्या परत दे."

आबा म्हणाले की त्यांनी काही काढायला सांगितल्या नव्हत्या. झालं. नऊ वर्षांनी फुटलेला उमाळा तिथंच आटला आणि मगन पाटील ओट्याच्या दुसऱ्या टोकाला पाठ करून बसले.

हे सगळं पुष्पानं सोसलं असतं. पण तिनं मोठ्या मानानं एक पत्रिका सोनगीरला व्याह्यांकडेही धाडली होती. रुपचंद भल्या पहाटे मोटारनं त्यांना गाठायला निघाले आणि वाटेत चुकामूक होऊन तिकडेच पोचले. इकडे दुपारी सुकदेवचे वडील जीवराम नाना आपल्या मंडळींसह दारात उभे. मुलीचा बाप गेला, आता वर्षभर लग्न नाही, असं धरून त्यांनी बँड परत पाठवला होता, आचारी परत पाठवला होता आणि पावणेरावळ्यांना येऊ नका म्हणून कळवलंही होतं. आता जिता व्याही समोरून हात जोडत येताना बघून ते आनंदले नाहीत. जे घर जित्या माणसाच्या मरणाचं पत्र छापून धाडतं, त्या घरची मुलगी करावी की नाही हे बघावं लागेल, असं ते म्हणाले आणि पुढं केलेला पाण्याचा तांब्या त्यांनी हातानं सारला.

आत कमलनं तांब्या सारल्याचा आवाज ऐकला. ती रडली नाही. तिनं वहिनीकडे नुसतं पाहिलं, आणि पुष्पाला वाटलं, यापेक्षा हिनं मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

शेवटी पुष्पाच पदर खोचून भटजींकडे गेली. यातून काही वाट काढा म्हणाली. भटजी आले, पंचांग उघडलं, मगन पाटलांच्या डोक्यावरून नजर फिरवली आणि मान हलवली.

"तिलांजली दिली ना? मग शास्त्राप्रमाणे माणूस गेला."

"मग हे समोर बसलेत ते कोण?" पुष्पानं विचारलं.

"ते अजून ठरायचं आहे."

उपाय मात्र शास्त्रात होता. मेला म्हणून पाणी सोडलेला माणूस परत आला, तर तो नव्यानं जन्मला असं धरायचं. त्याचं बारसं करायचं, मुंज उरकायची आणि त्याच्याच बायकोशी त्याचं पुन्हा लग्न लावायचं. तोवर त्याला कन्यादान करता येत नाही, कारण ज्याचं लग्नच झालेलं नाही त्याला मुलगी कुठून? जीवराम नाना म्हणाले, हे आज दिवस मावळायच्या आत झालं तर ते पाणी पितील. नाही तर गाडी जुंपलेलीच आहे.

मग काय, सगळेच कामाला लागले. पावणे रागावलेले होते खरे, पण फुकटचं लग्न सोडून जाणार कोण? बेबीला पाळण्यातून उचललं आणि आबांनी दोन्ही पाय पाळण्यात सोडले. दोरी धरील की नाही या काळजीनं पुष्पा कडीखाली उभी राहिली. आत्याबाईंनी भावाच्या कानात अभिमन हेच नाव सांगितलं, आणि बायांनी रीतीप्रमाणे आत्याबाईंच्या पाठीत बुक्के घातले. कालच्या रडण्याचा राग त्यांत थोडा जास्तच उतरला. मुंज तर हां हां म्हणता झाली. आबांनी भिक्षा मागितली तेव्हा दुखवट्याची शिळी भाकरी सगळ्यांनी तिथंच खपवली.

मग पाट मांडले. सुंदरबाईंना आतून आणलं तेव्हा त्या हळदीच्या पातळात होत्या आणि लाजतील असं सगळ्यांना वाटलं होतं. त्या लाजल्या नाहीत. भटजींना घाई होती. त्यांनी समोर पडलेला लग्नाचा कागद उचलला. तो पुष्पानं कमलसाठी वहीतून उतरवलेला कार्यक्रम होता. त्यात लिहिल्याप्रमाणे त्यांनी अंतरपाटाअलीकडून वाचलं, "वधूस विचारावे. हा वर तुम्हांला पसंत आहे काय?" आणि उत्तराची वाट न बघता अक्षता उचलल्या.

"थांबा जराखं," सुंदरबाई म्हणाल्या. "इचार करू द्या."

अंतरपाटावरून आबांचा फेटा हळूच वर आला.

"हाई काय नवीनच?"

"पयला लगीनले माले कोनी इचारं नही." सुंदरबाईंचा आवाज चढला नव्हता. पहिल्या लग्नात त्या आठ वर्षांच्या होत्या आणि झोपेत होत्या. मामानं उचलून पाटावर उभं केलं होतं. "आते इचारी ऱ्हायनात, तं सांगस."

आणि त्यांनी सांगितलं. भाजी खारट झाली तर ती गपचूप खायची, चार माणसांत ओरडून सांगायची नाही. तेहतीस वर्षं कबूल केलेली मुक्ताबाईची यात्रा याच माघात घडवायची. आणि येत्या पोळ्याला तोरणाखालून मगनचा बैल आधी जाईल.

पहिल्या दोन गोष्टींना आबांनी मान हलवली. तिसऱ्याला त्यांची मान हलेना. बाहेर ऊन उतरत होतं, जीवराम नाना एकदा सूर्याकडे आणि एकदा गाडीकडे बघत होते. दारात कमल उभी होती. पुष्पानं बेबीला इतकं घट्ट धरलं होतं की ती कुरकुरायला लागली.

"तुले नही जमत तं ऱ्हाऊ दे," सुंदरबाई समजुतीनं म्हणाल्या. "मी आते कुवारीच शे. मना काय अडत नही."

"जाऊ दे त्याना बैल," आबा अंतरपाटाआडून पुटपुटले.

"जोरमा."

"जाऊ दे त्याना बैल आधी!"

ओट्याच्या दुसऱ्या टोकाला मगन पाटलांनी सवयीनं मिशांकडे हात नेला, तिथं काही नाही असं बघून तो खाली घेतला, आणि उठून भावाच्या मागं मामाच्या जागी उभे राहिले. अक्षता पडल्या. जीवराम नानांनी तांब्या मागवून दोन तांबे पाणी घटाघटा पिऊन टाकलं. बँड नव्यानं ठरवायला, आचारी परत बोलवायला ते लगेच निघतो म्हणाले. कमल पुष्पाच्या गळ्यात पडली, आणि दोघींच्या मधे बेबी चेपली गेली.

मंडळी गाडीकडे निघाली, तेव्हा विहीणबाई मागं रेंगाळल्या. दुपारपासून त्या बायांत बसून एक अक्षर बोलल्या नव्हत्या. नाना लांब गेलेत याची खात्री करून त्या भटजींजवळ आल्या आणि पदर तोंडाशी धरून हळूच म्हणाल्या,

"भटजीबुवा, नुस्तं पत्र धाडं तरी चालस ना? का कोनी पानी बी सोडना पडस?"