दामूकाकांची मालगाडी

दामूकाका बोलता बोलता मध्येच डावा हात वर करतात आणि म्हणतात, "थांबा. मालगाडी येऊन राहिली."

मग समोर भाजीवाली असो, नगरसेवक असो की मयताला आलेली माणसं असोत, सगळ्यांनी थांबायचं. काका उजव्या हातानं डावं मनगट घट्ट पकडतात, डोळे मिटतात आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी मोजत बसतात. कधी दोन मिनिटं, कधी दहा. मग डोळे उघडून म्हणतात, "गेली. हं, भेंडी कशी दिली?"

नव्या माणसाला वाटतं, जवळपास रूळ असतील. रायपूरच्या आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, रूळ नाहीत. ही मालगाडी काकांच्या छातीतून जाते.

काका रेल्वेत गेटमन होते. भनपुरीकडच्या एका फाटकावर त्यांनी अख्खी नोकरी काढली. आता अडुसष्ट वर्षांचे आहेत आणि काकू गेल्यापासून एकटेच राहतात. त्यांच्या भिंतीला भिंत लावून माझं घर. मी शंकर नगरच्या एका ऑफिसात काम करते, मला सगळ्याची घाई असते. खरं सांगते, पहिली दोन वर्षं मला हे सगळं शुद्ध नाटक वाटायचं.

नाटक नव्हतं. छाती धडधडायची, तळव्यांना घाम फुटायचा, बोटांना मुंग्या यायच्या, घशात बोर अडकल्यासारखं व्हायचं. काकांनी प्रत्येक लक्षणाला खात्यातलं नाव देऊन टाकलं होतं. मुंग्या आल्या की "रूळ थरथरून राहिले", घाम आला की "इंजिन पाणी सोडून राहिलं". ईसीजी तर त्यांनी इतके काढले की त्या पट्ट्यांच्या गुंडाळ्या बिस्किटांच्या डब्यात मावेनात. पाहुण्यांना लग्नाचा अल्बम दाखवावा तसे ते त्या उलगडून दाखवत.

शेवटी मीच त्यांना एका चांगल्या डॉक्टरकडे घेऊन गेले. त्यांनी सगळं तपासून सांगितलं, "अंकल, दिल बिल्कुल ठीक है. ये घबराहट है."

काका खुर्चीतून उठलेच. "घबराहट? मले? पूरी नौकरी झंडी लेके खडा रहा मैं गाडी के सामने!"

"तो फिर क्या है?"

"मालगाडी."

डॉक्टर शहाणे होते. म्हणाले, "ठीक है. मालगाडी की ही दवा लिखता हूँ." रोजची एक गोळी दिली, सावकाश श्वास सोडायला शिकवलं. काका दोन्ही इमानदारीनं करतात. गुण आला का असं कोणी विचारलं तर सांगतात, "गोळीनं गाडी बंद नाही होत. डबे कमी होतात."

तिथल्या नर्सनं मात्र त्यांची एक चूक पकडली. काका मनगट धरतात ते वरच्या बाजूनं, जिथं आपण घड्याळाची तबकडी ठेवतो तिथं. तिथं नाडी कशी लागणार? ती म्हणाली, "अंकल, नाडी इधर है, अंगूठे के नीचे."

"तुमची तिकडं असन," काका म्हणाले. "माही इथंच लागते."

या माणसाला समजावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. पण दुसऱ्यांना समजवायला काका पुढं. मी एकदा ऑफिसच्या कटकटीनं रडकुंडीला आले तर म्हणाले, "फाटकावर लोक हॉर्न वाजवतात. त्यानं गाडी लवकर जाते का वं? कितीही लांब मालगाडी असो, तिले शेवटचा डबा असतेच. त्याच्यावर पाटी राहते. ते दिसली की फाटक उघडाचं. त्याच्या पह्यले नाही."

आता दिव्याखालचा अंधार सांगते. हा रेल्वेचा माणूस रेल्वेत बसत नाही. डब्याचं दार लागलं की त्यांचा जीव घुसमटतो. निवृत्तीला आठ वर्षं झाली, रेल्वेचा पास येतो आणि पेटीत पडून राहतो. त्यांची थोरली बहीण गोंदियाला असते, शालूबाई. तीच दर भाऊबीजेला अनारशांचा डबा घेऊन रायपूरला यायची, भावाला ओवाळायची आणि दुसऱ्या दिवशी परत जायची.

यंदा दिवाळीच्या आधी शालूबाई न्हाणीघरात पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. फोनवर ती म्हणाली, "यंदा राहू दे, दामू."

काका माझ्या ओट्यावर येऊन बसले. मग म्हणाले, "अठ्ठ्याहत्तरची झाली बाई. आजवर कधी राहू दे नाही म्हणली. मले जा लागते."

मला भाऊ नाही, त्यामुळे भाऊबीजेला मी मोकळीच असते. म्हटलं, मी येते सोबत.

भाऊबीजेच्या सकाळी काका इस्त्रीचा सदरा घालून स्टेशनवर तासभर आधी हजर. दुर्गपर्यंत त्यांनी मला सिग्नलचे प्रकार समजावले. राजनांदगाव आलं तेव्हा त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता आणि ओठ पांढरे पडले होते. ते पिशवी माझ्या मांडीवर ठेवून उठले.

"मी उतरतो. हे साडी बाईले दे. म्हणा, दामू निघाला होता."

मी डावा हात वर केला आणि ओरडले, "थांबा! मालगाडी येऊन राहिली!" समोरच्या बाकावरचं कुटुंब दचकून खिडकीबाहेर पाहू लागलं. मी काकांचं मनगट पकडलं आणि नर्सनं दाखवलं तसं अंगठ्याखाली नाडी शोधू लागले.

"तिथं नाही," काका म्हणाले.

"नाडी इथंच असते, काका!"

"अवं तिथं नाही! तुले धरता येत नाही काहून? हे पाह्य, इथं..." ते मला शिकवायला म्हणून बाकावर टेकले, आणि तेवढ्यात गाडी सुटली.

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसा काही मी त्यांचा खिसाच कापला होता. मग स्वतःचं मनगट स्वतः धरलं, डोळे मिटले. पुढं एक फाटक आलं. गेटमन हिरवी झंडी धरून उभा होता. काकांनी नेमके तेव्हाच डोळे उघडले आणि खिडकीतून त्याला हात केला. म्हणाले, "आतून पाहिलं तर किती लहान दिसते माणूस." डोंगरगड मागं पडलं तेव्हा त्यांनी मोठा श्वास सोडला. "गेली," म्हणाले, आणि मला चहा पाजला.

शालूबाई अंगणात खुर्चीवर बसली होती. शेजारी वॉकर, मांडीवर ओवाळणीचं ताट. दारात भाऊ दिसला तशी तिनं ताट बाजूला ठेवलं. काका वाकून पाया पडायला गेले. तिनं त्यांचं डावं मनगट पकडलं, वरच्या बाजूनं, घड्याळाच्या जागी. नेमकं तिथंच.

"चार वर्षांचा होता माय गेली तं," ती मला म्हणाली. "रुळापाशी घर आमचं. गाडी आली का याची छाती उडे. मी असं धरून डबे मोजाले लावो."

मी काकांकडे पाहिलं. ते जमिनीकडे पाहत होते. आधी ती नर्स आणि आज मी त्यांची नाडीची जागा सुधारायला गेलो होतो. ते नाडी पाहतच नव्हते. बहिणीचा हात जवळ नव्हता म्हणून स्वतःच स्वतःला धरत होते. मला स्वतःची लाज वाटली.

शालूबाईनं मनगट सोडलं नव्हतं. तिनं विचारलं, "किती डबे होते रे, दामू?"

"मोजणं नाही झालं, बाई," काका म्हणाले. "पण शेवटचा पाहिला."