येळवशीची भज्जी आणि साफ रान

येरमाळ्याच्या शंकरप्पांना रानात तणाची काडी खपत नसे, आणि बायकोचा सल्ला तर त्याहून नाही. यंदा येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, लेकीची सासू प्रेमाबाई तुळजापुराहून रानात जेवायला येणार होत्या. गेल्या साली उमाबाईंची भज्जी, म्हणजे पालेभाज्या न् शेंगा-दाण्यांची बेसन लावलेली मिसळ भाजी, चाखून त्या "नुसतं बेसन लागतंय" म्हणाल्या होत्या. उमाबाईंनी ते वर्षभर मनात धरलं. यंदा ज्वारीत माजलेला चाकवत, पाथरी, करडईचा कोवळा पाला, सगळं भज्जीत घालून विहिणीचं तोंड बंद करायचं, असा त्यांचा पण होता.

"खुरपायचं येळवशीनंतर. तवर रानाला हात लावायचा न्हाय," त्यांनी नवऱ्याला बजावलं.

असं बजावल्यावर शंकरप्पा गप्प बसतात होय! विहीणबाईंना तण दिसलं तर इज्जत काय राहील? अमावस्येच्या आठ दिवस आधी उमाबाई बाजाराला गेल्या आणि यांनी पाठीवर तणनाशकाचा पंप घेतला. उशिराची ज्वारी अजून गुडघ्याएवढीच होती. दुकानदार म्हणाला होता, ज्वारीला काही होत नाही, रुंद पानाचं तेवढं मरतं. खरंच, ज्वारीला काही झालं नाही. चाकवत मेला, पाथरी मेली. आणि बापजाद्यांच्या रिवाजाने ज्वारीत ओळी टाकून पेरलेली करडई? तिचंही पान रुंदच. तिनेही मान टाकली.

रान पाहून उमाबाईंचं डोकं सणकलं. "औषधाचं एक पान म्या विहिणीला घालणार न्हाय. आन् बेसन बी न्हाय."

येळवशीच्या सकाळी त्या आंबिलीचं मडकं उचलून ओढ्यापलीकडे महांतप्पाच्या रानात गेल्या. गव्हात तण की तणात गहू, हे त्या आळशी माणसालाच ठाऊक नव्हतं. उमाबाईंनी पाटीभर चाकवत खुडला, तिथेच चूल मांडली आणि विहिणीलाही तिथेच बोलावलं. शंकरप्पा आपल्या साफ रानात, येळवशीच्या पूजेसाठी उभारलेल्या कडब्याच्या कोपीत तासभर एकटेच बसले. मग भज्जीचा वास आला आणि ते मुकाट्याने ओढा ओलांडून आले.

प्रेमाबाईंनी तिसऱ्यांदा भज्जी मागून घेतली. बेसनाचं नावही काढलं नाही.

महांतप्पा बोटं चाटत म्हणाला, "आप्पा, तुमचं रान लई साफ दिसतंय. उद्या तुमचा पंप द्या की."

उमाबाईंचा पळी धरलेला हात थांबला.

"पंप फुटलाय," शंकरप्पा म्हणाले.

नवाकोरा पंप पलीकडच्या बांधावर उन्हात चमकत होता. सगळ्यांनी तिकडे पाहिलं.

"फुटलाय म्हणलं ना."

उमाबाईंनी त्यांच्या पानात भज्जी वाढली.