आत्याच्या मनगटावरचा प्रकल्प

सत्यशीलाने घडवलेला पितळी गोट पंचफुलाबाईंच्या मनगटातून निघत नव्हता, आणि तोंडी परीक्षेला अठरा तास उरले होते.

सत्यशीला विद्यापीठात दागिन्यांची रचना शिकत होती. अंतिम प्रकल्पासाठी तिने चोराला ओढून काढता येणार नाही असा गोट केला. उघडण्याची कळ आतल्या बाजूला, नजरेआड ठेवली. लाकडी दांड्यावर तिने तो दोनशे वेळा घालून काढला होता. प्रयोगात त्रुटी एकच होती: दांड्याला मांस नसते. शिरड शहापूरच्या आत्याने, म्हणजे पंचफुलाबाईंनी, "बघू तर दे" म्हणत गोट मनगटावर दाबून बसवला. 'कट्' असा आवाज झाला आणि कळ मांसात रुतली.

साबण झाला, एरंडेल झाले. चोळून चोळून मनगट सुजले, त्यामुळे गोट अधिकच घट्ट बसला. शेवटी शेजारचे रामकिशन लोहार करवत घेऊन आले.

"दोन मिनटात कापून देतो."

"कापू नका, काका! उद्या नमुना न्हाई दाखवला तर मी नापास!"

"मग हात कापू का?" रामकिशनांनी उरलेला पर्याय मांडला.

"व्हय मागं, मेल्या!" पंचफुलाबाई कडाडल्या. "रडून काहून राहिली, पोरी? मीच येते की संगं. इस्तरीचं लुगडं काढ."

दुसऱ्या दिवशी बाहेरगावच्या परीक्षकांनी विचारले, "नमुना कुठे आहे?"

"ही माझी आत्या, सर."

परीक्षकांनी चष्मा पुसला. "वजन?"

"गोटाचं का माझं?" पंचफुलाबाईंनी खुलासा मागितला.

"बरं, उघडून दाखवा."

सत्यशीला पांढरी पडली. पंचफुलाबाईंनी शांतपणे हात पुढे केला.

"निघू नये म्हणून तर केलाय लेकरानं. ओढा तुमी. लाजू नका."

परीक्षकांनी ओढले. मग विभागप्रमुख मदतीला धावले. दोघांच्या संयुक्त बलाने पंचफुलाबाई खुर्चीसकट टेबलापर्यंत सरकल्या. गोट तसूभरही हलला नाही.

"सुरक्षितता, पैकीच्या पैकी," परीक्षक धापा टाकत म्हणाले. "उघडण्याची सोय, शून्य. तरीही वर्गात पहिली."

सत्यशीलाने आत्याला मिठी मारली. तेवढ्यात विभागप्रमुखांनी नियमावली काढली. "पहिला आलेला नमुना वर्षभर आमच्या काचेच्या कपाटात जमा करावा लागतो."

पंचफुलाबाईंनी ते कपाट खालपासून वरपर्यंत न्याहाळले.

"जमतंय बराबर," त्या म्हणाल्या. "तेवढा मधला कप्पा काढून टाका, सायेब. गुडघे दुमडायची तकलीफ हाय मला."