दोन ताब्यांच्या मधले इंगळे साहेब

इंगळे साहेबांना चहाला बोलावलं, की ते आधी शर्टाच्या खिशातून डायरी काढतात. पानं उलटतात, भुवया वर चढवतात आणि म्हणतात, "आज नाई जमत सर. गुरुवारी ठेवू. सव्वापाचले." गुरुवारी सव्वापाचला ते फाटकात उभे असतात. त्या दिवशी नेमके आपणच विसरून बाहेर गेलो असलो, तर दाराच्या कडीत चिठ्ठी सापडते: 'हजर होतो. समोरचा पक्ष गैरहजर. पुढली तारीख सोमवार.'

साहेबांनी सारी नोकरी कोर्टात बाबू म्हणून केली. न्यायाधीशांच्या खालच्या टेबलावर बसायचं आणि लोकांना पुढल्या तारखा द्यायच्या. निवृत्त झाले तरी ती सवय गेली नाही. एकदा आमच्या हिने पंखे पुसायला त्यांच्याकडे शिडी मागितली.

"काऊन पाह्यजे?"

"पंख्यावर धूळ बसली हो."

"शुक्रवारी घ्या."

शिडी तिथेच, त्यांच्या पाठीमागे भिंतीला टेकलेली होती. ती शुक्रवारीच आली. साहेब स्वतः घेऊन आले आणि पंखे पुसून होईपर्यंत धरून उभे राहिले.

बुलढाण्यात आमच्या शेजारी त्यांचं चार खोल्यांचं घर होतं. घरची बाई वारल्यावर त्यात ते एकटेच उरले. मुलगी नागपूरला. बुलढाण्याला रेल्वे नाही, बसनं यायचं म्हटलं की तिच्या लेकराला उलट्या होतात. म्हणून साहेबांनी ठरवलं, हे घर विकायचं आणि नांदुऱ्याला स्टेशनाजवळ फ्लॅट घ्यायचा. पोरगी गाडीतून उतरली की पायी घरी.

दोन्ही करारनामे त्यांनी स्वतः लिहून काढले आणि मला वाचून दाखवले. सोळा एप्रिलला सकाळी अकरा वाजता जुन्या घराचा ताबा द्यायचा. त्याच दिवशी दुपारी चारला नव्याचा घ्यायचा. मधल्या वेळेत प्रवास आणि जेवण.

"आणि बिल्डरचं काम पुरं झालं नसलं तर?" मी विचारलं.

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "सर, करारात लिहून हाय."

सोळा एप्रिलला आमच्या गल्लीत दोन ट्रक तोंडाला तोंड लावून उभे राहिले. एकात साहेबांचं सामान चढत होतं. दुसऱ्यात घर घेणाऱ्या शेळक्यांचं सामान भरलेलं होतं. शेळके मेहकरहून बदलून आले होते आणि सोबत त्यांच्या आई होत्या. पावणेअकराला या आजी आत शिरल्या. साहेबांची गॅसची शेगडी अजून ओट्यावरच होती. आजींनी तिच्यावर नव्या घराचं दूध उतू घालवायला ठेवलं.

तेवढ्यात साहेबांचा फोन वाजला. बिल्डर होता. जिन्याला कठडा नाही, नळाला पाणी नाही, दारं रंगवायला गेलेली. "पुढच्या महिन्यात पाहू," म्हणाला. या बिल्डरचा जमिनीचा दावा कोर्टात कैक वर्षं चालला होता आणि त्याला दर वेळी पुढली तारीख साहेबांनीच दिली होती. फोन ठेवताना तो हसल्याचं मलाही ऐकू आलं.

साहेब आत गेले. हात वर करून म्हणाले, "थांबा. या ताब्याले स्थगिती हाय."

आजींनी शेगडीकडे बोट दाखवलं. "दूध उतू गेलं बाप्पा. आता कायची स्थगिती?"

बारा वाजेपर्यंत साहेबांना घर उरलं नव्हतं. मी म्हटलं, आमची वरची खोली रिकामी आहे. त्यांनी मान हलवली. "शेजाऱ्याच्या घरी राह्यलं का संबंध बिघडते. अर्धे दावे तिथूनच निंघते, मी पाह्यलं हाय." मुलीकडेही जायला तयार नव्हते. तिला नवं घर तयार करूनच बोलवायचं होतं.

शेवटी चिखली रोडवरच्या एका मंगल कार्यालयात त्यांची सोय झाली. तिथले मॅनेजर खंडारे ओळखीचे. त्यांनी स्टेजमागची सामानाची खोली दिली. अट एकच, लग्नाच्या दिवशी बनियनवर बाहेर यायचं नाही.

खाट, भांडी, पुस्तकं, सगळं त्या खोलीत मावलं. कपाट मावेना. गोदरेजासारखं दणकट, दोन दारांचं लोखंडी कपाट ते. दारातून आत जाईना म्हणून स्टेजच्या बाजूलाच उभं राहिलं. लग्नांची गर्दी चालू होती. मंडपवाले दर वेळी त्यावर मखमल पांघरायचे आणि झेंडूच्या माळा सोडायचे. त्या उन्हाळ्यात तिथे ज्यांची लग्नं झाली, त्यांच्या फोटोत नवरानवरीच्या शेजारी एक उंच, सजवलेलं, अबोल पाहुणं दिसतं, ते हे कपाट.

मे महिन्याच्या सुरुवातीला एका लग्नात वरपक्षाला ते आंदणात आलेलं वाटलं. नवरीच्या भांड्यांबरोबर त्यांनी कपाटही टेम्पोत चढवलं. साहेब तेव्हा मागच्या खोलीत दाढी करत होते. बाहेर येऊन बघतात तर स्टेजजवळ फरशीवर फक्त चौकोनी धूळ. अर्ध्या गालाला साबण, गळ्यात टॉवेल, अशा अवस्थेत ते चिखली नाक्यापर्यंत टेम्पोमागे पळाले. नाक्यावर टेम्पो थांबला म्हणून बरं.

"कपाट माझं हाय!" साहेब धापा टाकत म्हणाले.

"काहून? पोरीच्या बापानं देल्लं ना आमाले," नवऱ्याचा मामा म्हणाला.

"उघडा. वरच्या खणात माझ्या डायऱ्या हायेत. खालच्यात बाईच्या साड्या. निळी साडी सगळ्यात वर."

उघडलं. डायऱ्या होत्या, निळी साडीही होती. मामा ओशाळला. सगळी वरात उलटी फिरून कपाट जाग्यावर ठेवायला आली. नवऱ्याच्या आईने साहेबांच्या गालावरचा साबण स्वतःच्या हाताने टॉवेलनं पुसला आणि त्यांना शेवटच्या पंगतीला बसवलं. वांग्याची भाजी, पोळ्या, बुंदी. "पळून पळून दमले असान, घ्या न अजून," म्हणून तिसऱ्यांदा बुंदी वाढली.

हा किस्सा साहेबांनी मला चारदा सांगितला. चारही वेळा बुंदीपाशी आल्यावर ते जरा थांबले.

त्यानंतर ते प्रत्येक लग्नात इस्त्रीचा शर्ट घालून पुढे दिसू लागले. वधूपक्षाला वाटायचं वराकडचे, वराकडच्यांना वाटायचं वधूचे. बौद्ध लग्न असो की हिंदू, साहेब माइक हातात घ्यायचे: "वेळ झाली हाय. नवरदेवानं हजर व्हावं." त्यांचा कोर्टातला आवाज ऐकून वरातीतला बँड मधेच बंद पडायचा. खंडारे मला म्हणाले, "सर, यंदा आपल्याकडं एक लग्न उशिरा नाही लागलं. लोकं इचारून राह्यले का थे काका भाड्यात येते का अलग."

मी दर आठवड्याला जायचो आणि विचारायचो, फ्लॅटचं काय? साहेब उसासा टाकायचे. "काम चालू हाय. बिल्डर लोकाचा भरोसा नाई." आमची ही हळहळायची आणि लग्न नसेल त्या दिवशी आमच्या शाळेच्या शिपायाबरोबर त्यांना डबा पाठवायची.

जूनमध्ये मी भाचीच्या अ‍ॅडमिशनसाठी नांदुऱ्याला गेलो. म्हटलं, त्या बिल्डरला चार शब्द सुनवावे. पाहतो तर इमारत रंगवून तयार. जिन्याला कठडे, गॅलरीत कपडे वाळत घातलेले. चौकीदार खाली बसला होता.

"इंगळे साहेबांचा फ्लॅट कधी होणार?"

"झाला ना. थे तर चावी घेऊन गेले. महिना होऊन राह्यला."

मला इतका राग आला की परतीच्या बसमध्ये मी सगळं भांडण पाठ केलं. संध्याकाळी थेट कार्यालयात गेलो. त्या दिवशी लग्न नव्हतं. रिकाम्या हॉलमध्ये शंभरेक खुर्च्या एकात एक घालून ठेवल्या होत्या आणि साहेब एकटेच एका खुर्चीवर बसले होते.

"चावी कुठे आहे?" मी विचारलं.

त्यांनी डायरी काढली नाही. पँटच्या खिशातून चावी काढून माझ्या हातावर ठेवली.

"मी गेलो होतो सर तिथं. पोरीले काई सांगतलं नाई. सतरंजी टाकून दोन दिवस राह्यलो. आठ घरं हाय. आठही दारं बंद. दुसऱ्या दिवशी एकानं बेल वाजवली. म्या पळत जाऊन दार उघडलं. तो म्हणे, मोटर तुम्ही चालू ठेवली का?" त्यांनी रिकाम्या हॉलकडे हात केला. "इथं कोणी मले वयखत नाई. पण बारा वाजले का कोणीतरी येते, हात धरते, म्हणते, काका, जेवले का? बाई गेल्यावर हे कोणी इचारलं नव्हतं. तुमच्या घरून ताईचा डबा येते, पण थो तर शिपायाच्या हातून येते."

पाठ केलेल्या भांडणातलं मला एक अक्षर आठवेना. आम्ही वर्षानुवर्षं भिंतीला भिंत लावून राहिलो होतो.

रविवारी त्यांना हलवलं. मुलगी आणि नातू सकाळच्या गाडीनं आले, स्टेशनातून पायी. कपाट वर चढवायला सहा माणसं लागली. आमच्या हिने नव्या ओट्यावर पहिला स्वयंपाक केला, मोठ्या पातेल्यात, वीस जणांचा. "एवढा कोणासाठी?" साहेबांनी विचारलं. ती म्हणाली, "ते तुम्ही बघा."

साहेबांनी शर्टाची बटणं नीट लावली, केस सारखे केले आणि जिना उतरून तळमजल्यावर गेले. मी कठड्याशी उभा होतो. खालून पहिल्या दाराची बेल वाजली. दार उघडायला बराच वेळ लागला. उघडल्यावर आतल्या माणसाने संशयाने विचारलं, "काय पाह्यजे?"

"काई नाई," साहेबांचा आवाज वरपर्यंत आला. "जेवले का?"