जिभेला खारट लागलं तर जहाजाचं

माझं शिक्षण चौथीपर्यंत. ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, अक्षर तर कोंबडी चालून गेल्यासारखं आहे, तेवढं सांभाळून घ्या. पण आमच्या शेजारच्या आण्णांबद्दल कुणीतरी लिहून ठेवायला हवं. इंजिनाला जीभ लावून पाहणारा दुसरा माणूस मला भेटलेला नाही.

आमच्याकडे वीज येण्याआधी विहिरींवर तेलाची इंजिनं असायची. त्यांतली काही बंदरावरून आलेली. जुनी लाँच मोडीत निघाली की तिचं इंजिन स्वस्तात मिळायचं आणि इकडे येऊन उसाला पाणी पाजायचं. आण्णा तरुणपणी कोकणात अशाच एका लाँचवर इंजिनाला तेल घालायच्या कामाला होते. आता ते गावोगाव जहाजाची जुनी इंजिनं शोधत फिरतात. कुणाच्या घरी गेले की माणसांच्या आधी गोठ्यामागच्या गंजक्या लोखंडाची विचारपूस करतात. वाकून गंजाला जीभ लावतात, डोळे मिटतात आणि निकाल देतात. "समुद्र पिऊन आलंय." नाहीतर, "न्हाई. हे हितलंच बेडूक."

एकदा राहात्याकडून त्यांनी असंच एक खारट इंजिन आणलं. खोललं तर साधं विहिरीवरचं निघालं. त्या वस्तीचं पाणीच खारट होतं. तिथल्या हंड्याला जीभ लावली असती तर तोही जहाजाचा निघाला असता. गल्लीतली माणसं बरेच दिवस नळाची तोटी दाखवून विचारायची, आण्णा, ही कुठल्या बोटीची? आण्णा रागावले नाहीत. तेव्हापासून जीभ लावण्याआधी विचारतात, "तुमचं पानी कसं हाय?"

गेल्या उन्हाळ्यात ते घाईघाईने माझ्या दारात आले. माझी घरातच पिठाची गिरणी आहे. एरवी ते तिच्याकडे बघतही नसत. विजेची मोटर नुसती कुरकुरते, बोलत काही नाही, असं त्यांचं मत. त्या दिवशी मात्र चपलांसकट थेट गिरणीजवळ आले. श्रीगोंद्याजवळच्या एका मळ्यात जहाजाचं इंजिन सापडलं होतं. विहिरीचं पाणी गोड आणि इंजिन खारट. भंगारवाला दुसऱ्या दिवशी घण घालून ते फोडणार होता. त्याच्याइतके पैसे आण्णांकडे नव्हते.

"सुमनबाई, उद्या त्याचे तुकडे व्हतील वो," एवढंच म्हणाले.

मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि डब्यातले पैसे काढून दिले. मला नाही म्हणताच येत नाही. ते पैसे माझ्या मनीषाच्या नर्सिंगच्या फीचे होते. दिवाळी झाली की भरायचे. आमचे मालक साखर कारखान्यात कामाला, त्यांना वाटत होतं पैसे डब्यातच आहेत. ते डब्याजवळून गेले तरी मी घाईने चहा पुढे करायचे.

पैसे मागायला मी वाटीभर आमटी घेऊन जायचे आणि इंजिनाची माहिती घेऊन परत यायचे. पाण्याचा पंप पितळी का, तर खाऱ्या पाण्यात टिकावा म्हणून. हा दांडा कशाला, तर बोट मागं घ्यायला. "विहिरीला कुठं मागं जायचंय?" असं म्हणून स्वतःच हसायचे. आत जस्ताचा तुकडा होता, अर्धा झिजलेला. समुद्राचं पाणी आधी त्याला खातं आणि लोखंड वाचतं. मी मान हलवायचे. मनात फीची तारीख.

इंजिन चालू झालं तेव्हा तर माझी मागायची वाटच बंद झाली. रोज सकाळी आण्णा ते त्यांच्या अंगणात सुरू करायचे. माझ्या फळीवरचे डबे थडथडायचे, त्यात तो रिकामा डबा सगळ्यांत मोठ्यानं. आण्णा इंजिनाच्या अंगावर हात ठेवून बसलेले असायचे. एकदा मी आमटी ठेवून निघाले, तर इंजिनाकडे बघतच म्हणाले, "आमची पारू पयल्यांदा लाँचवर बसली तवा लई भ्याली हुती. मी म्हनलं, ह्यो आवाज चालू हाय तवर आपन बुडत न्हाई. तशीच टेकून झोपली." पारूकाकी जाऊन बरीच वर्षं झाली. त्या दिवशीही मी पैशाचं बोलले नाही.

दिवाळी झाली. फी भरायची वेळ आली आणि मालक म्हणाले, उद्या डबा काढून ठेव. मी रात्रभर जागी. सकाळ झाली, पण डबे वाजले नाहीत.

बाहेर आले तर आण्णांच्या अंगणात टेम्पोच्या चाकांचे ओरखडे आणि सिमेंटच्या चौथऱ्यावर तेलाचा डाग. आण्णा माझ्या दारात उभे. मुंबईकडचा कुणी हौशी माणूस इंजिन घेऊन गेला होता.

"त्याला समुद्राजवळ ठेवनार हाय. बरं झालं," ते म्हणाले. "परवा मनीषा फीचं बोलली. तवा मला कळलं, पैसे कशाचे हुते. बोलायचं तरी."

त्यांनी सगळ्या पैशांचं पुडकं माझ्या हातात दिलं. मी न बघता डब्यात टाकलं. मग ते चपला काढून गिरणीजवळच्या पोत्यावर बसले. खिशातून तो झिजलेला जस्ताचा तुकडा काढून मुठीत धरला.

"लावता का गिरनी?" म्हणाले.

दळण कुणाचंच आलेलं नव्हतं. मी घरचे गहू ओतले आणि बटण दाबलं. आण्णांनी गिरणीच्या अंगावर हात ठेवला. फळीवरचे डबे हलके थडथडू लागले, आणि त्यात माझा भरलेला डबा गप्प होता. पैसे सगळे फिटले होते.