गुंजाळकाका मागून हाक मारत नाहीत

आमच्या इमारतीतले गुंजाळकाका कुणालाही मागून हाक मारत नाहीत. बाहेर निघालेल्या माणसाला मागून हाक मारू नये, हे आपल्याकडे सगळ्यांनाच ठाऊक असतं आणि सगळेच ते सोयीनुसार विसरतात. घरातून "अरे, डबा राहिला!" असं कुणीतरी ओरडतंच. काका विसरत नाहीत. तुम्हाला काही सांगायचं राहिलं असेल, तर ते तुम्हाला गाठतात, तुमच्या पुढे जातात आणि समोर येऊन सांगतात. वय पंचाहत्तरीच्या घरात, गुडघे कुरकुरतात, तरीही.

माझंच सांगते. मी ठाण्याला कोर्टात कारकुनी करते, त्यामुळे सकाळी डोंबिवलीतून निघायची माझी घाई काय सांगावी! एकदा अशीच धावतपळत रिक्षा स्टँडच्या कोपऱ्यावर पोचते, तर पलीकडच्या गल्लीतून काका धापा टाकत समोर हजर. मागच्या फाटकातून निघून, पिठाच्या गिरणीला वळसा घालून आलेले. त्यांनी दम घेतला, शर्ट खाली ओढून नीट केला आणि म्हणाले, "ताई, तुमच्या कुकरच्या शिट्ट्या थांबत नाहीयेत. गॅस चालू राहिलाय. क्लिअर?"

त्यांचा प्रत्येक निरोप असा 'क्लिअर'वर संपतो आणि आपण उलट "क्लिअर" म्हटल्याशिवाय ते वाट सोडत नाहीत. मी "क्लिअर" म्हणून घरी पळाले. डाळीचा कोळसा झाला होता. खिडकीतून एक हाक मारली असती तर वरण वाचलं असतं, असं मी संध्याकाळी त्यांना चांगलं सुनावलं. "वरण गेलं तर गेलं," ते म्हणाले, "तुम्ही धड आहात ना?" 

आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी एकदा स्कूटरचा स्टँड वर न करताच निघाले. अख्खी गल्ली ओरडली, "स्टँड! स्टँड!" सेक्रेटरींना वाटलं, लोक पाण्याच्या टाकीच्या तक्रारीवरून ओरडतायत, म्हणून त्यांनी वेग वाढवला. काका मात्र तोंडातून अवाक्षर न काढता रिक्षात बसले आणि आतल्या रस्त्याने पुढच्या चौकात जाऊन उभे राहिले. तोवर सेक्रेटरी अलीकडच्या वळणावर आपटले होते. काका तिथे गेले, त्यांच्या समोर उभे राहिले आणि शांतपणे म्हणाले, "स्टँड. क्लिअर?" सेक्रेटरी पुढे बरेच दिवस त्यांच्याशी बोलत नव्हते.

काकूंचं तर विचारूच नका. "घरातसुद्धा हाक नाही हो," त्या म्हणतात. "मांजरासारखे येतात आणि समोर उभे राहतात. कितीदा दचकून हातातलं भांडं पडलंय माझ्या. लग्नात आंतरपाट दूर झाला तेव्हा समोर उभे होते, ते अजून समोरच आहेत."

काका हवाई दलातून निवृत्त झालेले, एवढं आम्हाला माहीत होतं. सोसायटीतली पोरं त्यांना वैमानिक समजायची. "मी जमिनीवरचा माणूस," ते म्हणायचे. "आम्ही विमानाला बॉम्ब लावून द्यायचो. पुढचं वरच्यांचं काम." त्यापलीकडे ते काही बोलत नसत. झेंडावंदनाला भाषण करा म्हटलं तर गुडघ्याचं कारण काढत.

असा हा माणूस गेल्या वर्षी एका टीव्ही सिरियलसाठी वेडा झाला. एकाहत्तरच्या लढाईतल्या बॉम्बर विमानांवरच्या लोकांची गोष्ट येणार, अशी जाहिरात लागली आणि काकांची झोप उडाली. केबलवाल्याला रोज फोन. "वेळ बदलणार नाही ना? त्या वेळी लाइट गेले तर?" केबलवाला शेवटी म्हणाला, "काका, लाइट मी नाही घालवत." मग सिरियल दिवाळीनंतर ढकलली, मग कुठल्याशा क्रिकेट मॅचसाठी आणखी पुढे. काका हॉलमध्ये येरझाऱ्या घालू लागले. "लेकीच्या बाळंतपणाला इतके फिरले नव्हते," काकू मला म्हणाल्या. पण हसत नव्हत्या त्या. काकांचं जेवणावरून लक्ष उडालं होतं, आणि ते त्यांना दिसत होतं.

एका संध्याकाळी काका माझ्याकडे आले. सिरियलची जाहिरात माझ्या मोबाइलवर दाखवा म्हणाले. जाहिरातीत दोन अधिकारी विमानाकडे चालत जातात, पाठमोरे, मागे खूप संगीत, आणि जमिनीवरची माणसं ओळीत उभी राहून सॅल्यूट करतात.

"थांबवा. मागे घ्या," काका म्हणाले. मी मागे घेतलं. "परत." परत घेतलं. असं इतक्यांदा झालं की मला चेष्टा सुचली. "काय काका, त्या ओळीत स्वतःला शोधताय का?"

"हाक कुठंय?" ते म्हणाले.

"कसली हाक?"

काका खुर्चीत बसले. आवाज एवढा खाली आला की मला पंखा बंद करावा लागला.

"आमचे एक नेव्हिगेटर होते. केळुसकरसाहेब. शहाडचे. आमच्या विमानापाशी मराठी बोलणारे आम्ही दोघंच, ते आणि मी. मी विशीतला पोरगा. त्या दिवशी बॉम्ब लावून झाले, आम्ही बाजूला झालो. साहेब शिडीकडे निघाले. असेच, पाठमोरे. आणि मी मागून हाक मारली, साहेब!"

"काही राहिलं होतं त्यांचं?"

"काही नव्हतं राहिलं ओ. आपलं मराठीत बोलावंसं वाटलं. ते वळले. मी म्हटलं, साहेब, थंडी आहे. एवढंच. ते शिडी चढून गेले. विमान परत आलं नाही."

 मग जे कुणीही म्हणेल तेच मी म्हटलं. विमान काय हाकेने पडतं का? खालून तोफा चालू होत्या, लढाई होती.

"ते डोक्याला कळतं, ताई," काका म्हणाले. "डोक्याला सगळं कळतं. बघा ना ह्यात. सगळे कसे गप्प उभे आहेत. असंच पाहिजे होतं." त्यांनी मोबाइल माझ्याकडे सरकवला. "त्यांची बहीण कळव्याला असते. मी तिच्या दारापर्यंत किती वेळा गेलोय. बेल वाजवली नाही कधी. आता ती ही सिरियल बघणार. तिला वाटणार, भाऊ असाच गेला, वाटेत कुणी आडवं आलं नाही. त्याआधी मी तिला सांगायला पाहिजे. तिनं मुस्काटात मारली तरी चालेल."

एवढं पाठीवर घेऊन हा माणूस माझ्या कुकरसाठी गिरणीला वळसे घालत होता. आणि मी त्याला वरणावरून बोलले होते.

कळव्याला माझी ऑफिसातली एक मैत्रीण राहते. काकांकडून पत्ता घेऊन तिच्याकरवी मी सुधाताईंचा, म्हणजे केळुसकरांच्या बहिणीचा, नंबर मिळवला आणि फोन केला. तुमच्या भावाबरोबर हवाई दलात होते असे एक गृहस्थ तुम्हाला भेटू इच्छितात, एवढंच सांगितलं.  पलीकडून स्वच्छ, शाळेतल्या बाईंसारखा आवाज आला. "जरूर आणा त्यांना. पण त्या सिरियलच्या दिवशीच या. मला ती एकटीने बघण्याचं धैर्य नाही."

हे ऐकून काकांचा चेहरा उतरला. आता सांगायला वेळ उरला तो त्याच दिवशीचा, आणि तोही सिरियल सुरू व्हायच्या आधीचा. नंतर सांगून उपयोग नाही, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं.

सिरियल रविवारी संध्याकाळची. काकू आमच्याबरोबर आल्या नाहीत. "तुम्हीच जा," त्या मला जिन्यात म्हणाल्या. "माझ्यासमोर ते रडायचे नाहीत." म्हणजे काकूंना सगळं माहीत होतं की काय, ते मी विचारलं नाही. 

आम्ही कॅब केली आणि चांगले वेळेआधी निघालो. पण शिळफाट्याला जे अडकलो ते अडकलोच. पुढे कंटेनर, मागे कंटेनर. काकांनी कडक इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि घामाने तो पाठीला चिकटला होता. ते सारखे घड्याळ बघत होते आणि ओठातल्या ओठात काहीतरी घोकत होते. ऐकलं तर, "बाई, मी गुंजाळ. मी तुमच्या भावाला..." आणि तिथे वाक्य तुटायचं. पुन्हा पहिल्यापासून.

शेवटी त्यांना राहवेना. दार उघडून ते खाली उतरले आणि पुढे काय अडलंय ते बघायला गाड्यांमधून चालत गेले. नेमकी तेव्हाच गाडी हलली. ड्रायव्हर त्यांच्या शेजारून निघाला, मी काच खाली करून "काका, बसा, बसा!" करतेय, आणि काका गाडीला मागे टाकून थेट बॉनेटसमोर येऊन उभे राहिले. ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला. "ओ काका! आगे से क्यों आते हो? मरायचंय का?"

"रस्ता मोकळा होतोय," काकांनी त्याला समोरूनच सांगितलं. "क्लिअर?"

"क्लिअर, बाबा, क्लिअर! बसा आता!" ड्रायव्हर म्हणाला. मला हसू आलं. बायपासवर गाडी पळायला लागली तरी काका पाठ टेकून बसले नाहीत.

कळव्याला पोचलो तेव्हा सिरियल सुरू व्हायच्या बेतात होती. दुसऱ्या मजल्यावर दार उघडंच होतं. सुधाताई सत्तरीला टेकलेल्या, कॉटनची साडी, चष्मा. आत टीव्हीवर जाहिराती चालू होत्या. टीव्हीसमोर तीन खुर्च्या मांडलेल्या आणि टीपॉयवर झाकलेल्या बशा. भिंतीवर गणवेशातल्या एका तरुणाचा फोटो होता. काकांनी त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि परत पाहिलं नाही.

"बसा ना," सुधाताई म्हणाल्या. "सुरू होईलच इतक्यात."

काका बसले नाहीत. ते सुधाताईंच्या आणि टीव्हीच्या मधोमध जाऊन उभे राहिले. मागे सिरियलचं नाव झळकलं, संगीत सुरू झालं. त्या आवाजावर आवाज चढवून, सावधानमध्ये उभं राहून काका बोलले. 

"बाई, मी गुंजाळ. तुमच्या भावाच्या विमानाला बॉम्ब लावणारा. ते निघाले तेव्हा मी त्यांना मागून हाक मारली. काही काम नव्हतं. उगाच मारली. विमान परत आलं नाही. हे तुम्हाला कुणी सांगितलं नसणार, म्हणून मी सांगायला आलोय."

सुधाताई त्यांच्याकडे बघत राहिल्या. मी खुर्चीचा हात घट्ट धरला होता. आता ह्या बाई काय बोलतील, ओरडतील, निघून जा म्हणतील, आणि मग ह्या म्हाताऱ्याला मी घरी कसा नेणार, हेच माझ्या डोक्यात.

त्यांनी रिमोट घेतला आणि टीव्हीचा आवाज बंद केला.

"दादा शेवटचा घरून निघाला," त्या म्हणाल्या, "तेव्हा आम्ही शहाडला राहायचो. आईने आम्हा सगळ्यांना दम दिला होता. लढाईवर चाललाय, कुणीही मागून हाक मारायची नाही. मी शाळेत होते. दारात उभी राहिले, तोंडावर हात दाबून. तो गल्लीच्या टोकाला पोचेपर्यंत मला सारखं वाटत होतं, हाक मारावी. नाही मारली. कुणीच नाही मारली. तोही वळला नाही. आई जाईपर्यंत हेच म्हणायची, मला त्याची पाठ आठवते गं, त्या दिवशीचा चेहरा आठवत नाही. तेव्हा मीच त्याला हाक मारली असती तर बरं झालं असतं, म्हणायची."

काकांनी शर्ट खाली ओढून नीट केला.

"तुम्ही हाक मारलीत," सुधाताई म्हणाल्या. "मग तो वळला?"

"वळले."

"पूर्ण वळला? चेहरा दिसला तुम्हाला?"

"दिसला की," काका म्हणाले. "हनुवटीवर कापलं होतं, दाढी करताना. थंडीनं नाक लाल झालेलं. आणि गालात लिमलेटची गोळी होती. वर कान दडपतात, म्हणून ठेवायचे. मी म्हटलं, साहेब, थंडी आहे. तर म्हणाले, 'मग काय करू, गुंजाळ? परत फिरू?' आणि असे हसले, गोळी तोंडातून पडता पडता राहिली."

सुधाताई एकदम हसल्या. मोठ्यानं. मग तोंडाला पदर लावला आणि रडल्या. मलाही आवरलं नाही. काका सावधानमधून हलले नव्हते, पण त्यांच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं.

"कुठल्या गालात?" सुधाताईंनी विचारलं.

काकांनी आठवायला डोळे मिटले आणि स्वतःच्या डाव्या गालावर बोट ठेवलं. त्यांच्या पाठीमागे पडद्यावर दोन माणसं विमानाकडे चालत चालली होती. आमच्यापैकी कुणीही तिकडे बघत नव्हतं.

सुधाताईंनी त्यांच्या बाहीला धरून त्यांना खुर्चीत बसवलं आणि आपली खुर्ची ओढून त्यांच्याजवळ आणली.

"आता सावकाश सांगा," त्या म्हणाल्या. "पहिल्यापासून. कापलं होतं म्हणालात, ते हनुवटीच्या कुठल्या बाजूला?"